कडी उघडणारी साखर

मराठीत ‘कडी’ हा शब्द दोन कामं करतो. साखळीतला एक दुवा म्हणजे कडी आणि दाराला आतून लावतो तीही कडी. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हा शब्द साखरेसाठी वापरायला सुरुवात केली ती काही भाषेच्या हौसेपोटी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस गाळप हंगाम काढले. हाताखाली येणाऱ्या नव्या पोरांना ‘रिड्यूसिंग शुगर’ म्हणजे काय हे पुस्तकी भाषेत सांगून पोचत नाही, हे त्यांना पहिल्या दोन-तीन हंगामांतच कळलं. मग ते सांगायचे, “साखरा दोन जातीच्या. एक कडी उघडणारी, एक न उघडणारी. पोत्यात भरायची ती न उघडणारी. उघडणारी मळीत जाते.”

उघडणारी म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन. कागदावर सरळ मांडला तर सहा कार्बनची साखळी आणि तिच्या एका टोकाला अल्डिहाइड गट, म्हणजे रसायनशास्त्रातला एक चळवळ्या, कुणाशी ना कुणाशी जोडून घ्यायला उत्सुक असलेला गट. पण पाण्यात ही साखळी सरळ राहत नाही. ती वाकते, पहिला कार्बन पाचव्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला जाऊन भिडतो आणि पाच कार्बन व एक ऑक्सिजन यांचं षट्कोनी वलय तयार होतं. सहावा कार्बन वलयाबाहेर लोंबत राहतो. ते चळवळं टोक आता आत अडकलेलं असतं. कडी लागलेली असते.

ही कडी कायमची नसते. प्रत्येक रेणू अधूनमधून उघडतो आणि पुन्हा मिटतो. पण कुठल्याही एका क्षणी पाहिलं, तर लाख रेणूंमागे जेमतेम काही उघडे सापडतील. ग्लुकोज हा बहुतेक वेळ दार लावून बसलेला रेणू आहे. तरी त्याची अनेक रासायनिक कामं त्या मोजक्या उघड्या रेणूंमार्फत होतात. एक उघडा रेणू खर्ची पडला की समतोल राखायला दुसरा उघडतो, मग तिसरा. लाखात काहीच उघडे असले तरी वेळ दिला तर सगळे लाख त्या दारातून बाहेर येऊ शकतात.

आपण चहात घालतो ती साखर, सुक्रोज, वेगळी. तिच्यात एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज एकमेकांना नेमके त्याच जागी धरून असतात, जिथून प्रत्येकाची कडी उघडली असती. दोघांचीही दारं एकमेकांनी बंद केलेली. म्हणून ती डब्यात वर्षानुवर्षं तशीच राहते. आम्ल किंवा विकर मिळालं की हा जोड तुटतो. पाकात लिंबू पिळतात ते याचसाठी: थोड्या सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, ते स्फटिकांच्या रांगेत नीट बसत नाहीत आणि पाकाची पुन्हा साखर होत नाही. घरात हे हवं असतं. कारखान्यात हेच नुकसान असतं.

ऊस तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत जितके तास जातील, तितकं हे तुटणं वाढत जातं. ते किती झालं हे अण्णा दोन प्रकारे पाहायचे. एक पोलॅरिमीटर. ध्रुवित प्रकाश सुक्रोजच्या द्रावणातून गेला की उजवीकडे वळतो, विशिष्ट वळण अधिक ६६.५ अंश. सुक्रोज पूर्ण तुटलं की तेच द्रावण प्रकाश डावीकडे वळवू लागतं, उणे २० अंशांच्या आसपास. दिशा उलटते म्हणून या तुटण्याचं नाव इन्व्हर्जन. दुसरी रीत फेहलिंगच्या निळ्या द्रावणाची. ते उकळत ठेवायचं आणि त्यात ब्युरेटमधून रस सोडायचा. कडी उघडणारी साखर त्यातल्या तांब्याशी रिड्यूसिंगची क्रिया करते आणि तळाशी विटकरी साका बसतो. शुद्ध सुक्रोज टाकलं तर निळं ते निळंच. मी शाळेत असताना सुट्टीत प्रयोगशाळेत जायचे. सोडियम दिव्याचा पिवळा उजेड आणि त्यात अण्णांचा एक डोळा नळीला लावलेला, ही माझ्या लहानपणाची आठवण आहे. ते आकडा सांगायचे, मी वहीत लिहायचे. “शिळा ऊस आहे,” ते नळीवरून डोळा न काढता म्हणायचे. बाहेर काट्यावर उभ्या असलेल्या गाडीवानाला अजून पावतीही मिळालेली नसायची.

पुढे मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं आणि बँकेत लागले, त्यामुळे शिकलेलं बरंचसं विसरले. पण या कडीचा शोध कसा लागला ती गोष्ट विसरले नाही. एमिल फिशरनं १८९१ साली ग्लुकोजच्या चार कार्बनांवरचे गट कुठल्या बाजूला आहेत हे तर्कानं ठरवलं. या चार जागांवरच्या डाव्या-उजव्यांतून सोळा वेगवेगळ्या साखरा संभवतात आणि त्यांतली ग्लुकोज नेमकी कोणती, हे त्यानं रेणू डोळ्यांनी न पाहता सांगितलं. १९०२ साली त्याला नोबेल मिळालं. ज्या फिनाइलहायड्रॅझिनच्या मदतीनं त्यानं साखरा ओळखल्या, त्याच्या विषारी वाफांनी त्याची प्रकृती कायमची बिघडवली.

पण फिशरच्या सरळ साखळीत काही गोष्टी बसत नव्हत्या. ग्लुकोजमध्ये अल्डिहाइड असेल तर अल्डिहाइडच्या काही नेहमीच्या चाचण्यांना ते दाद का देत नाही? आणि ताज्या द्रावणाचं प्रकाश वळवणं हळूहळू बदलत जाऊन एका आकड्यावर स्थिर का होतं? हे बदलणं द्युब्राँफो या फ्रेंच रसायनज्ञानं १८४६ सालीच पाहिलं होतं. १८८३ साली टोलेन्सनं वलयाची कल्पना सुचवली. १८९५ साली तान्रेनं ग्लुकोजची दोन रूपं वेगळी करून दाखवली, जी आज अल्फा आणि बीटा म्हणून ओळखली जातात. एक द्रावण ११२ अंशांपासून खाली उतरतं, दुसरं १९ च्या जवळपासून वर चढतं आणि दोन्ही ५२.७ वर येऊन थांबतात. कारण कडी उघडून पुन्हा लागताना पहिल्या कार्बनवरचा गट कधी या बाजूला जातो, कधी त्या. वलय सहा कोनांचं आहे हे पक्कं केलं ते नॉर्मन हॅवर्थनं, १९२०च्या दशकात. आपण पाठ्यपुस्तकात काढतो त्या षट्कोनी आकृतीला त्याचंच नाव आहे. मात्र प्रत्यक्षात हे वलय सपाट नसतं, आरामखुर्चीसारखं वाकलेलं असतं. त्या खुर्चीत बीटा ग्लुकोजचे सगळे मोठे गट बाहेरच्या बाजूला पसरून बसतात, कुणाला कुणाचा धक्का लागत नाही. ग्लुकोजच्या भावंडांपैकी, म्हणजे मॅनोज, गॅलॅक्टोज वगैरेंपैकी, इतकी ऐसपैस बैठक कुणालाच मिळालेली नाही. हे पुढे महत्त्वाचं आहे.

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे मीरा रोडला राहायला आले. तेव्हा त्यांच्या मधुमेहाला बारा वर्षं झाली होती. साखर कारखान्यातल्या माणसाला साखर झाली हा विनोद त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की समोरच्यानं तोंड उघडताच ते स्वतःच पुरा करायचे. मीरा रोड पूर्वेला आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांच्या अंतरात तीन पॅथॉलॉजीची कलेक्शन सेंटर आहेत. एक फरसाणाच्या दुकानाला खेटून, एक मोबाइलवाल्याच्या वर, एक दवाखान्यातच. सकाळी सात वाजता तिथे उपाशीपोटी माणसांची रांग असते आणि त्याच वेळी शेजारी जिलेबीची कढई तापत असते. आमच्या शहरात गोडाला हंगाम नाही. रमजानात नयानगरच्या गल्ल्यांत मालपुवे, दिवाळीत भाईंदर पश्चिमेच्या दुकानांतून मिठाईच्या खोक्यांचे ढीग, डिसेंबरात उत्तनहून कुणी ना कुणी कुसवार पाठवतं. मजल्यावरच्या चार घरांत चार भाषा बोलल्या जातात आणि चारही भाषांत ‘एकानं काही होत नाही’ हे वाक्य आहे.

निरोगी माणसाच्या रक्तात साखर असते तरी किती? शंभर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम धरली आणि अंगात पाच लिटर रक्त धरलं, तर सगळी मिळून पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. पहिल्यांदा हा हिशेब अण्णांनी मला करून दाखवला तेव्हा मी पुन्हा करून पाहिला. दिवसाला हजारो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस आता एका चमच्याच्या आत-बाहेर जगत होता.

घरात रिपोर्ट आला की दहावीचा निकाल लागल्यासारखं वातावरण व्हायचं. आकडा वाढला की फोन फिरायचे. कोल्हापूरहून भाऊ विचारायचा, “अण्णा, काय खाल्लंत?” मामी विचारायची. सोसायटीतले त्यांच्या वयाचे लोक विचारायचे. या आजारात एक गोष्ट चमत्कारिक आहे. दुसऱ्या कुठल्या आजारात रुग्णाची इतकी उलटतपासणी होत नाही. अण्णा उत्तर द्यायचे नाहीत. आपल्या वहीत सकाळचा आणि जेवणानंतरचा आकडा लिहायचे, कारखान्यातल्यासारख्याच रेघा आखून, शेवटच्या रकान्यात शेरा. ‘पोहे.’ ‘झोप नाही.’ ‘तारीख: तिचं वर्षश्राद्ध.’ त्या दिवशी साखर २६० होती आणि त्यांनी गोडाला हात लावला नव्हता.

तीन महिन्यांनी होते ती चाचणी म्हणजे एचबीएवनसी. ग्लुकोमीटर त्या क्षणाची साखर सांगतो. ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची साक्ष काढते. ती चालते त्याच कडीवर. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला एक अमिनो गट असतो. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजच्या लाखो मिटलेल्या रेणूंतून एखादा उघडा रेणू तिथे जाऊन चिकटतो. सुरुवातीला ही जोडणी सुटू शकते. काही काळानं रेणूची आतली मांडणी बदलते आणि मग ती सहसा सुटत नाही. यात विकराचा हात नाही, शरीराची आज्ञा नाही. साखर जितकी जास्त तितके उघडे रेणू जास्त, आणि पेशी जितके दिवस जगली तितक्या चिकटण्याच्या संधी जास्त. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन वाढलेलं असतं, हे तेहरानमध्ये काम करणाऱ्या सॅम्युएल राहबार यांनी १९६८ साली दाखवलं आणि पुढे त्यावरून आज सगळीकडे वापरली जाणारी चाचणी उभी राहिली.

मला हे वाचताना जाणवलं ते हे, की या समीकरणात ‘काय खाल्लंत?’ हा प्रश्न फार दूरवर आहे. समीकरणात साखर आहे आणि काळ आहे. साखर खाण्यानं वाढते, तशी ती तापानं वाढते, रात्रभर जागल्यानं वाढते, यकृतानं सोडल्यानं पहाटे आपोआप वाढते. उघडा रेणू चिकटताना तो जिलेबीतून आला की भाकरीतून की दुःखातून हे विचारत नाही.

मग गेल्या वर्षीची गोष्ट घडली. अण्णांचं मूत्रपिंड दमत चाललं होतं, क्रिएटिनिन वाढलं होतं आणि हिमोग्लोबिन ८.९ वर आलं होतं. डॉक्टरांनी लोह सुरू केलं आणि नव्या तांबड्या पेशी तयार व्हाव्यात म्हणून इंजेक्शनं दिली. अडीच-तीन महिन्यांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.८. आणि एचबीएवनसी, जी आधी ७.८ होती, ती ६.३. मी रिपोर्ट मोबाइलवर उघडला तेव्हा लोकलमध्ये होते, दहिसरच्या पुढे. भावाला तिथूनच पाठवला. त्याचा लगेच फोन आला, “अण्णांना पार्टी द्यायला पाहिजे. इन्सुलिन कमी करतील आता.”

घरी आले तर अण्णा टेबलावर वही उघडून बसले होते. त्यांनी ९२ दिवसांचे आकडे बेरजेला घेतले होते. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात अंदाजे सरासरी छापलेली असते, ६.३ ला ती १३४ येते. वहीतली सरासरी १८१ होती.

“टॅली लागत नाही,” ते म्हणाले.

कारखान्यात रोज हा हिशेब लागतो. उसातून किती साखर आत आली. पोत्यात, बगॅसमध्ये, प्रेसमडमध्ये आणि मळीत किती गेली. दोन बाजू जुळल्या पाहिजेत. थोडी तूट चालते, पण इतकी तूट म्हणजे कुठेतरी गळती किंवा कुठेतरी सॅम्पल चुकीचं. मी म्हटलं, मीटर बिघडला असेल. त्यांनी मान हलवली. शेजारच्या शहाबहेनच्या मीटरवरही त्यांनी बोट टोचून पाहिलं होतं.

“हिमोग्लोबिन वाढलं म्हणजे पेशी नव्या आल्या,” ते म्हणाले. “नव्या पेशीला साखर चिकटायला वेळ कुठे मिळालाय? हा आजच तोडलेला ऊस आहे. ताज्या उसाचा आकडा चांगलाच येणार.”

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी वही पानं उलटून नीट पाहिली, काही क्षण काही बोलले नाहीत आणि मग फाइलवर लिहिलं की सध्या एचबीएवनसीवर भिस्त ठेवू नये, बोटाच्या रीडिंगवर डोस ठरवावा. इन्सुलिन कमी झालं नाही, दोन युनिटनं वाढलं. रक्तक्षय, मूत्रपिंडाचा विकार, नुकतंच दिलेलं रक्त, थॅलसेमिया किंवा सिकलसेल, या सगळ्यांत हा आकडा फसवू शकतो, हे वैद्यकाला ठाऊकच आहे. साक्षीदार खोटं बोलत नाही, पण त्यानं पुरतं पाहिलेलंच नसतं. त्या रात्री भावाचा फोन आला तेव्हा अण्णा त्याला म्हणाले, “सहा पॉइंट तीनला माझं कौतुक नको. सात पॉइंट आठला मग शिव्याही नकोत.” त्यानंतर आमच्या घरात ‘काय खाल्लंत?’ हा प्रश्न बंद झाला. ‘वहीत काय आहे?’ एवढं विचारलं जातं.

कडीचं हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल की मग शरीरानं ही साखर निवडलीच कशाला? १९८१ साली बन आणि हिगिन्स या शास्त्रज्ञांनी याच प्रश्नाला एक उत्तर सुचवलं. त्यांनी वेगवेगळ्या साखरा हिमोग्लोबिनला किती वेगानं चिकटतात ते मोजलं. सहा कार्बनच्या अल्डिहाइड शर्करांत ग्लुकोज सगळ्यांत सावकाश निघालं. गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज त्याच्या कित्येक पट वेगानं चिकटतात. कारण ती ऐसपैस खुर्ची. ग्लुकोजचं मिटलेलं वलय इतकं आरामात असतं की ते उघडायचं फारसं मनावर घेत नाही. ज्या इंधनाला रक्तातून चोवीस तास फिरवायचं, ते वाटेत कुणाला कमीत कमी चिकटणारं हवं. म्हणजे आपल्या रक्तात आहे ती भावंडांतली सगळ्यांत सभ्य साखर. अण्णांना मी हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “सभ्य माणूससुद्धा फार दिवस मुक्कामाला राहिला की त्रास होतो.”

आणि सगळ्या पेशी तांबड्या पेशींसारख्या चार महिन्यांनी बदलत नाहीत. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं जन्मभर तीच असतात. सांध्यांतलं, कातडीतलं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतलं कोलॅजन वर्षानुवर्षं टिकतं. तिथे चिकटलेली साखर पुढच्या क्रिया करत राहते, शेजारच्या प्रथिनांना एकमेकांशी बांधते, पिवळी-तपकिरी होत जाते. पाव भाजताना, गुळाच्या काहिलीत रस आटताना जो रंग येतो, त्यातही साखर आणि प्रथिनं यांच्या अशाच क्रियेचा वाटा असतो. १९१२ साली मायार या फ्रेंच वैज्ञानिकानं तिचं वर्णन केलं. चुलीवर ती तासाभरात होते. आपल्या अंगात सदतीस अंशांवर ती आयुष्यभर चालते, मधुमेह असो वा नसो. मधुमेहात वेग वाढतो, इतकंच.

अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं. डाव्याचं मूत्रपिंडाकडे पाहून पुढे ढकललंय. फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. राई, मुर्धे, मोर्वा या गावांच्या बाजूला जी काही मिठागरं उरली आहेत, तिथे मिठाच्या राशी लागायला सुरुवात झाली होती. अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांनी डावा डोळा हातानं झाकला, बाहेर पाहिलं. मग उजवा झाकला, पुन्हा पाहिलं. दोन-तीनदा असं केलं. प्रयोगशाळेत नळीला एक डोळा लावून बसायचे, तसेच.

“काय झालं?” मी विचारलं.

“या डोळ्यानं साखर दिसते,” ते म्हणाले, “आणि या डोळ्यानं गूळ.”

मग त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि उत्तन येईपर्यंत बाहेर पाहत राहिले.